सॅनिटरी पॅडच्या पाकिटाला गुलाबी रंग आणि नाजूक वळणदार फॉन्ट द्यावाच लागतो का?

नाही, अजिबात नाही. ‘गुलाबी म्हणजे बायकांचा’ हा संकेत विसाव्या शतकातला आहे आणि तो मुख्यतः अमेरिकी दुकानदारीने घट्ट केला. १९१८ साली तिथल्या लहान मुलांच्या कपड्यांच्या एका व्यापारी मासिकाने उलटाच सल्ला दिला होता: गुलाबी ठसठशीत म्हणून मुलग्यांना, निळा नाजूक म्हणून मुलींना. आणि आपल्याकडे लग्नात गुलाबी फेटा बांधून मिरवणाऱ्या मामा-काकांना कोण बायकी म्हणतं? अक्षरांचंही तसंच. जाड-बारीक रेषांचा दिदो हा रोमन लिपीचा फॉन्ट अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये पुस्तकं छापायला घडवला गेला. पुढे ‘व्होग’सारख्या फॅशन मासिकांच्या मथळ्यांवर तो दिसत राहिला आणि ‘बायकी’ ठरला. मी पॅकेजिंगचंच काम करते, त्यामुळे छपाईचा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो: पातळ प्लास्टिकवर फ्लेक्सोने, म्हणजे लवचीक ठशांनी, छापताना शाई पसरते. गुलाबी पट्ट्यावर पांढरी बारीक देवनागरी अक्षरं ठेवलीत, तर अनुस्वार बुजतो, ‘ष’ आणि ‘प’ सारखे दिसायला लागतात. त्यापेक्षा ‘मुक्ता’ या देवनागरी फॉन्टसारखा साधा, मध्यम जाडीचा टाइप घ्या. रंग मात्र पूर्णपणे आपल्याच मनाने निवडता येणार नाही. गिऱ्हाईक फळीवर लांबूनच रंगावरून माल ओळखतं, म्हणून आधी तुमच्या भागातल्या दोन-तीन दुकानांत शेजारची पाकिटं कुठल्या रंगाची आहेत ते बघून घ्या.