पोलीस ठाण्यातून नोटीस आलीय, पोराला पाठवायचं की नाही?

"ताई, पोरगं गेलं तर आत टाकतील की ओ!" खुर्चीत टेकायच्या आधीच कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या मावशींनी माझ्यापुढं, म्हणजे समुपदेशकापुढं, मोबाईल केला. तडा गेलेल्या काचेवर पोलिसांच्या नोटिशीचा फोटो, व्हॉट्सअॅपवर आलेला. मुलगा दारातच उभा. वय 22, उद्यमनगरात लेथवर कामाला, पहाटे पोलीस भरतीसाठी धावायला. फुटबॉल सामना सुटल्यावर रस्त्यात दोन गटांत मारामारी झाली, एकाच्या डोक्यात काठी बसली आणि फिर्यादीतल्या सहा नावांत याचंही नाव आलं. तीन दिवस घरच्यांनी त्याला गडहिंग्लजला मामाकडं ठेवलं होतं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

घाबरलेली घरं नेमकं हेच करतात, आणि नुकसान इथूनच सुरू होतं.

नोटीस होती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची. 1 जुलै 2024 आधी, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेखाली, हिलाच 41-अ ची नोटीस म्हणायचे. ज्या गुन्ह्यांना सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यांत अटकेची गरज नसेल तर पोलिसांनी ही नोटीस देऊन चौकशीला बोलवायचं असतं. बोलावल्यावर माणूस हजर राहत गेला, तर त्या गुन्ह्यात त्याला अटक करायची नाही. करायचीच असेल तर पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. उलट हजर राहिलाच नाही, तर अटकेचं कारण त्यानं आपल्याच हातानं दिलं. म्हणजे जो कागद बघून पोराला लपवलं, तोच कागद त्याला वाचवत होता. मावशींना हे दोनदा समजवावं लागलं. त्यात नवल नाही, कारण नोटिशीची भाषाच धडकी भरवणारी असते.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेली अशी नोटीस रीतसर बजावलेली धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये स्पष्ट केलं आहे. पण म्हणून गप्प बसून राहू नये. वकिलामार्फत कळवावं, ठाण्यात जाऊन नोटिशीची कागदी प्रत घ्यावी, आणि हजर झाल्याची पोच आपल्या प्रतीवर तारीख-वेळेसह मागावी. पुढं "आलाच नाही" असं कुणी म्हटलं, तर ती पोच कामाला येते.

त्याआधी एफआयआर वाचायला हवी. संवेदनशील गुन्हे सोडले तर ती पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. इथं भारतीय न्याय संहितेची कलमं होती 118(1) म्हणजे धोकादायक हत्यारानं दुखापत, 191(2) म्हणजे दंगल आणि 352 म्हणजे भांडण पेटावं म्हणून केलेला अपमान. सगळ्यांत जड 118(1), तीन वर्षांपर्यंत शिक्षेचं. पण जखमीच्या वैद्यकीय अहवालात हाड मोडल्याचं निघालं, तर तेच प्रकरण 118(2) मध्ये जातं आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत पोचते. मग सात वर्षांचा हिशेबच उरत नाही. त्यामुळं अहवाल आला का, कलम वाढलं का, ही चौकशी वकिलानं दर आठवड्याला करावी आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 खालचा अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवावा.

मावशींच्या पदराच्या गाठीत पाचशेच्या नोटा होत्या. पेठेतल्या एकानं वीस हजारांत "नाव काढून देतो" म्हणून सांगितलं होतं. दाखल एफआयआरमधून नाव खोडता येत नाही. पुरावा नसेल तर तपास अधिकारी दोषारोपपत्रातून वगळू शकतो, किंवा न्यायालय सोडतं. तिसरी वाट नाही. असे पैसे गेले की ते परत येत नाहीत, वर लाच देण्याचा नवा गुन्हा अंगावर येतो.

वकिलाच्या फीची काळजी होती. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर मोफत वकील मिळतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कोठडीत असलेला कुणीही, यांना उत्पन्नाची अट नाही. कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा, किंवा 15100 वर फोन लावायचा.

एवढ्यात मुलगा बोलायला लागला. "ताई, खरं सांगू का, मी तिथं..." त्याला तिथंच थांबवलं. घडलेला प्रसंग वकिलालाच सांगायचा. वकिलाशी झालेलं बोलणं कायद्यानं गोपनीय असतं. समुपदेशकाला तसं संरक्षण नाही, न्यायालयानं बोलावलं तर आम्हांला सांगावं लागू शकतं. आमच्यापाशी भीती बोलावी, झोप लागत नाही ते बोलावं. आईसमोर एक आणि वकिलासमोर दुसरं, असं मात्र करू नये. वकिलाला अर्धवट माहिती दिलेली केस हमखास फसते.

त्यानं सामन्यानंतर ठेवलेलं स्टेटस आणि दोन व्हिडिओ डिलीट करायचं ठरवलं होतं. ते करू नये; पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मात्र काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, तेव्हा ते जपून ठेवायचा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला लगेच द्यावा. आणि फिर्यादीच्या घरी कुणीही जाऊ नये, माफी मागायलासुद्धा. साक्षीदारावर दबाव म्हणून तेच अंगावर येतं.

चौकशीत नाव-पत्ता खरा सांगावा. स्वतःला गुन्ह्यात अडकवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर न द्यायचा हक्क संविधानाच्या कलम 20(3) मध्ये आहे. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. आणि अटक झालीच, तर कारणं सांगायला हवीत, घरच्यांना कळवायला हवं, चौकशीदरम्यान वकिलाला भेटू द्यायला हवं, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायला हवं. मारहाण झाली असेल तर तिथंच, त्याच दिवशी सांगावी.

मुलगा दुसऱ्या दिवशी वकिलासोबत गेला, दीड तासानं घरी आला. आणखी दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा पोच घेतली. अटक झाली नाही. दोषारोपपत्रात नाव राहिलं आहे. फिर्यादीशी तडजोड व्हावी म्हणून दोन्ही बाजूंचे वकील बोलताहेत. ती झाली, तर गुन्हा रद्द करायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 528 खाली उच्च न्यायालयात जावं लागेल. 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर भरणारं न्यायपीठ, कोल्हापुरातच बसतं, त्यामुळं मुंबईची खेप वाचेल.

राहिली भरती. मावशींचा सगळ्यात जड प्रश्न हाच होता. प्रलंबित गुन्ह्याची माहिती दडवली तर तेवढ्यावरून निवड रद्द होऊ शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये सांगितलं आहे. खरं लिहिल्यानं नोकरी मिळेलच अशी हमी नाही. गुन्ह्याचं स्वरूप बघून खातं ठरवतं. गेल्या महिन्यात तो फॉर्म घेऊन आला होता. गुन्ह्याच्या रकान्यात त्यानं गुन्हा क्रमांक, तिन्ही कलमं आणि 'प्रकरण न्यायप्रविष्ट' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. आता सोबत दोषारोपपत्राची प्रत जोडायची की नाही, एवढंच त्याला विचारायचं होतं.