युद्धात बेचिराख झालेलं बंदराचं शहर पुन्हा उभं करताना आधी काय हाती घेतात : बंदर, रस्ते की घरं?

आधी पाणी. त्याच्या मागोमाग ये-जा. घरांचा नंबर बराच मागं लागतो, आणि बंदराचा कितवा, हे त्या शहराचं पोट कशावर चालतं त्यावर ठरतं.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका पुनर्वसित गावात ग्रामपंचायतीची नळयोजना सांभाळतो. आमचं जुनं गाव धरणात गेलं. युद्धाशी त्याची बरोबरी करणं बरं नाही, पण सगळा संसार नव्यानं मांडताना माणसं आधी काय मागतात ते मी पाहिलंय. म्हणून युद्धात उद्ध्वस्त झालेल्या दोन बंदरांच्या शहरांबद्दल, जपानमधलं हिरोशिमा आणि नेदरलँड्समधलं रॉटरडॅम, हाती लागेल ते वाचत आलो.

हिरोशिमा म्हटलं की बॉम्बच आठवतो. पण ते ओटा नदीच्या मुखाशी वसलेलं शहर, आणि त्याच्या उजिना बंदरातून जपानचं सैन्य बाहेर जायचं. 6 ऑगस्ट 1945 ला सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला. वीज गेलेली. तरी त्याच दिवशी दुपारी उशिता इथल्या जलशुद्धीकरण केंद्रातला राखीव पंप तिथल्या कर्मचाऱ्यानं सुरू केला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या माणसाचाच विचार करत होतो. घरच्यांचं काय झालं असेल, आग कुठवर आली असेल, आणि हा इंजिनाशी झटतोय.

अर्थात पंप चालू झाला म्हणजे पाणी पोचलं असं होत नाही. घर जळालं की त्याचा नळ उघडाच राहतो. असे हजारो नळ वाहत असले की लाइनमध्ये प्रेशर धरत नाही आणि शेवटच्या टोकाला थेंब जात नाही. आमच्याकडं जेसीबीनं एक पाइप तोडला तरी टाकी भरलेली असून खालच्या ओळीतल्या बाया हंडे-गुंड घेऊन ताटकळतात. मग एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह बंद करत जायचं, कोणता बंद केल्यावर प्रेशर चढतं ते बघायचं, आणि तिथं खोदायचं. पूर्ण शहरात हे काम म्हणजे किती महिन्यांची मरमर असेल, ते ज्यानं पाना हातात धरलाय त्यालाच कळेल.

ट्रामची गोष्ट तर त्याहून मोठी. 123 पैकी 108 ट्राम जळाल्या, मोडल्या किंवा खिळखिळ्या झाल्या होत्या. तरीही 9 ऑगस्टला, म्हणजे तिसऱ्याच दिवशी, शहराच्या पश्चिमेला थोड्याशा अंतरावर ट्राम धावली. पुरुष युद्धावर गेलेले, म्हणून ट्राम कंपनीनं मुलींची शाळा काढली होती. शिकता शिकता त्या गाड्या चालवायच्या, तिकिटं फाडायच्या. बॉम्बनंतर सुरू झालेल्या गाड्यांवरही त्यांच्यातल्या काही जणी होत्या, शाळकरी वयाच्या. गाडी चालली म्हणजे माणूस आपल्या माणसांना शोधायला निघू शकतो, कामावर जाऊ शकतो. आमच्या नव्या गावठाणात फाट्यापर्यंत येणारी एसटी आत येऊ लागली, तेव्हा कुठं पोरी कॉलेजला जायला लागल्या.

सप्टेंबरात मोठं वादळ आलं आणि बॉम्बमधून वाचलेले कित्येक पूल पुरात गेले. शंभर मीटर रुंदीचा रस्ता वगैरे मोठी कामं त्यानंतरची. त्यांना खरा जोर आला तो 1949 च्या खास कायद्यानं, कारण त्यामुळं सरकारी जमीन शहराला फुकट मिळण्याची वाट मोकळी झाली.

रॉटरडॅमचं गणित वेगळं होतं. जर्मन विमानांनी 14 मे 1940 ला शहराचा मधला भाग जाळला, 80,000 च्या आसपास लोक बेघर झाले. महापालिकेनं जळालेली जमीन त्याच महिन्यात ताब्यात घेतली आणि ढिगाऱ्यानं काही कालवे बुजवले. पुढं 1944 मध्ये जर्मनांनी बंदराचे धक्के आणि क्रेनही सुरुंग लावून उडवल्या. युद्ध संपल्यावर डच लोकांनी जोर लावला तो बंदरावर. माल उतरला नाही तर सिमेंट, लाकूड, धान्य येणार कुठून, हा विचार बरोबरच होता. 1962 पर्यंत ते जगातलं सगळ्यात मोठं बंदर झालं. पण घरांची टंचाई वर्षानुवर्षं राहिली आणि बरीच कुटुंबं तात्पुरत्या घरांत दिवस काढत राहिली.

तुम्ही बंदर आधी की घरं असं विचारलंय. धक्के आधी बांधायला माझी हरकत नाही, बंदरावर जगणाऱ्या शहराला दुसरा इलाज नसतो. पण ज्याची जमीन घेतली आणि ज्याला पत्र्याखाली ठेवलं, त्याला आपली पाळी केव्हा येणार ते पहिल्या दिवशी लेखी मिळायला हवं. आमच्याकडं प्लॉटची यादी लवकर लागली नाही. धानाची रोवणी सोडून लोक तालुक्याला चकरा मारायचे, आणि ज्यांना जाणं झेपत नव्हतं त्या म्हाताऱ्यांच्या वाट्याला टाकीपासून सगळ्यात लांबचे, चढावरचे प्लॉट आले. तिथं आजही मला पाणी वेगळ्या वेळी, बाकीचे व्हॉल्व्ह बंद करून सोडावं लागतं.