वाचकांचे प्रश्न : अलंकाराचं नाव बरोबर, तरी गुण गेले

कवितेतला 'पोएटिक डिव्हाइस' ओळखा, हा इंग्रजीच्या पेपरातला हमखास गुणांचा प्रश्न मानला जातो. पण या महिन्याच्या पत्रांवरून तरी तसं दिसत नाही. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

'लाइक' किंवा 'ॲज' दिसलं की सिमिली, असं शिकवलं होतं. तसंच लिहिलं, तरी उत्तर चुकीचं ठरलं. का? – बारावीची विद्यार्थिनी, सांगली

कारण हे दोन शब्द फक्त खुणेचे आहेत. सिमिली व्हायची तर दोन वेगळ्या जातीच्या गोष्टींची तुलना हवी. 'शी स्विम्स लाइक अ फिश' ही सिमिली. 'शी स्विम्स लाइक हर सिस्टर' ही नुसती तुलना, कारण दोघीही माणसंच. 'शी वर्क्स ॲज अ नर्स' यात तर तुलनाच नाही, ती खरोखर नर्स आहे. आणि 'ॲज आय वॉक्ड होम' मधला 'ॲज' फक्त वेळ सांगतो.

उत्तर लिहिण्याआधी तीन गोष्टी बाजूला काढा : कशाची तुलना, कशाशी, कोणत्या गुणावरून. तिसरी सापडली नाही तर थांबा. रॉबर्ट बर्न्सच्या १७९४ च्या गीतात प्रेमाला लाल गुलाबाची उपमा आहे. बहुतेक उत्तरांत 'सौंदर्य' असं लिहून मोकळं होतात. पण पुढच्याच ओळीत तो गुलाब जूनमध्ये नुकता उमललेला आहे असं म्हटलंय, म्हणजे कवीचा भर टवटवीतपणावर आहे. स्पष्टीकरणाचं वाक्य असं ओळीतून निघायला हवं. 'द पोएट हॅज यूझ्ड सिमिली' एवढ्यावर उत्तर संपवलं तर ते अर्धंच राहतं.

जाता जाता : 'ॲज इफ', 'ॲज दो' आलं की मराठी माध्यमाच्या मुलांना 'जणू' आठवतं आणि उत्प्रेक्षेसाठी वेगळं इंग्रजी नाव शोधलं जातं. तसं नाव प्रचारात नाही. तिथेही सिमिलीच लिहा.

एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द जवळजवळ आले की ॲलिटरेशन, बरोबर ना? – दहावीचा विद्यार्थी, परभणी

अक्षर नव्हे, ध्वनी. 'सिटी' आणि 'कॅट' दोन्ही सी या अक्षराने सुरू होतात, पण एकाचा उच्चार 'स', दुसऱ्याचा 'क'. इथे ॲलिटरेशन नाही. 'फोन' आणि 'फिश' यांचं स्पेलिंग वेगळं, ध्वनी एक. इथे आहे. 'नाइफ' मधला मुका के 'किंग' शी जुळवू नका.

मराठी बोलणाऱ्यांसाठी एक खास सापळा आहे. डब्ल्यू आणि व्ही या दोन्हींना आपण 'व' म्हणतो. त्यामुळे 'विंड' आणि 'व्हॅली' कानाला जुळल्यासारखे वाटतात. इंग्रजीत ते वेगळे : डब्ल्यूला ओठांचा चंबू होतो, व्हीला वरचे दात खालच्या ओठाला लागतात. 'विंड' शी 'व्हाइट' (white) जुळेल, 'वन' (one) ही जुळेल (त्याच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यू नसला तरी), पण 'व्हॅली' जुळणार नाही.

नमुन्याला कोलरिजच्या खलाशाच्या कवितेतली ही जागा पाहा : 'द फेअर ब्रीझ ब्ल्यू, द व्हाइट फोम फ्ल्यू, द फरो फॉलोड फ्री'. 'फ' सहा वेळा, 'ब' दोनदा. तीनदा आलेला 'द' मात्र धरायचा नाही. तो ठरलेला व्याकरणाचा शब्द आहे, त्यावर जोरही नाही. उलट, जोर असेल तर शब्दाच्या मधला ध्वनीही चालतो : 'बिलव्हिड लेडी' मध्ये 'ल' चं ॲलिटरेशन आहे, कारण पहिल्या शब्दाचा जोर 'लव्ह' वर पडतो. स्वर पुन्हा पुन्हा आला तर असोनन्स. व्यंजन शब्दांच्या मधे किंवा शेवटी पुन्हा आलं तर कॉन्सोनन्स.

मेटॉनिमी आणि सिनेकडकी यांत दर वर्षी वर्गात वाद होतो. पक्की कसोटी सांगाल का? – शिक्षिका, नाशिक

दोन्हींत एका वस्तूचं नाव घेऊन दुसरी सुचवतात. विचारायचा प्रश्न एकच : बोललेली वस्तू ही अभिप्रेत वस्तूचा भाग आहे का? भाग असेल तर सिनेकडकी, नुसता संबंध असेल तर मेटॉनिमी. 'घरात खाणारी तोंडं दहा' म्हणतो तेव्हा तोंड हा माणसाचाच अवयव असतो, म्हणून सिनेकडकी. जहाजावरचं 'ऑल हँड्स ऑन डेक' तसंच. 'मंत्रालयाने आदेश काढला' यात इमारत हा सरकारचा तुकडा नाही, सरकार तिथे बसतं एवढंच. ही मेटॉनिमी. राजासाठी 'क्राउन' हा शब्दही याच रांगेतला.

'द पेन इज मायटिअर दॅन द सोर्ड' हे वाक्य बुलवर-लिटनच्या १८३९ च्या नाटकातलं. लेखणी लेखनाची जागा घेते, तलवार शस्त्रबळाची. दोन्ही साधनं आहेत, भाग नाहीत. इथे सिनेकडकी लिहिणारे बरेच निघतात.

वाद पेटतो तो अवयवांवर. 'द हार्ट रूल्स द हेड' मध्ये दोन्ही शब्द शरीराचे भाग आहेत, पण त्यांनी पूर्ण माणूस सुचवलेला नाही. सुचवली आहे ती भावना आणि बुद्धी. म्हणून मेटॉनिमी. काही समीक्षक सिनेकडकी हा मेटॉनिमीचाच पोटप्रकार मानतात. त्यामुळे कॉलेजच्या पातळीवर कारण नीट देणाऱ्या उत्तराला दोन्हीकडून गुण द्यावेत, असं आमचं मत आहे.

निर्जीव वस्तूला भावना दिली की पर्सोनिफिकेशन. मग 'विअरी वे' ला ट्रान्सफर्ड एपिथेट का म्हणतात? – बारावीचा विद्यार्थी, जळगाव

थॉमस ग्रेच्या १७५१ च्या प्रसिद्ध शोककवितेत नांगऱ्या घराकडे 'हिज विअरी वे' तुडवत निघालाय. दमलाय तो, वाट नव्हे. विशेषणाचा खरा मालक त्याच ओळीत हजर आहे आणि विशेषण फक्त शेजारच्या नामावर सरकलंय. 'स्लीपलेस नाइट' मध्येही तेच. मालक सापडला की ट्रान्सफर्ड एपिथेट. पर्सोनिफिकेशनमध्ये असा दुसरा मालक नसतो, ती वस्तू स्वतःच माणसासारखी वागते.

जॉन डनच्या 'डेथ, बी नॉट प्राउड' मध्ये दोन उत्तरं बसतात : मृत्यूला गर्व आहे म्हणून पर्सोनिफिकेशन, आणि त्यालाच उद्देशून बोललंय म्हणून अपॉस्ट्रॉफी (समोर नसलेल्या व्यक्तीला किंवा निर्जीव गोष्टीला उद्देशून बोलणं). एकच मागितलं असेल तर ज्याचं कारण नीट लिहिता येतं ते लिहा. समोर बसलेल्या मित्राशी बोलणं मात्र अपॉस्ट्रॉफी नव्हे.

ऑक्झिमोरॉन की पॅराडॉक्स? – अकरावीची विद्यार्थिनी, पणजी

लगतच्या दोन शब्दांतच विरोध असेल तर ऑक्झिमोरॉन, जसं ज्युलिएटच्या तोंडचं 'स्वीट सॉरो'. पूर्ण विधान उलटं वाटून विचाराअंती पटत असेल तर पॅराडॉक्स, जसं वर्ड्सवर्थचं 'द चाइल्ड इज फादर ऑफ द मॅन'.

मराठी वृत्त ओळखता येतं, पण इंग्रजी ओळीवर मीटरच्या (लयीच्या) खुणा करायला घेतल्या की सगळं कोसळतं. आयॅम्बिक पेंटामीटरची व्याख्या पाठ आहे. चुकतं कुठे? – बी.ए. प्रथम वर्ष, कोल्हापूर

मराठी वृत्त येतं, नेमकं तेच आड येतं. आपलं लघु-गुरू स्वराच्या लांबीवर चालतं : दीर्घ स्वर म्हणजे गुरू, आघात घेणाऱ्या जोडाक्षरामागचा ऱ्हस्वही गुरू. इंग्रजी मीटर चालतं ते जोरावर. 'फोटोग्राफ' मध्ये जोर पहिल्या सिलॅबलवर (एका स्वरध्वनीभोवतीचा उच्चाराचा तुकडा म्हणजे सिलॅबल), 'फोटोग्राफर' मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक' मध्ये तिसऱ्यावर. हे लांबी पाहून कळत नाही, शब्दकोशातली जोराची खूण पाहावी लागते.

दुसरी चूक मोजणीची. देवनागरीत 'स्कूल' ची अक्षरं दोन, पण सिलॅबल एकच. 'फ्रेंड्स' ही एकच. स्वराचे ध्वनी मोजा, लिहिलेली अक्षरं नको. 'वॉक्ड' एक सिलॅबल, 'वाँटेड' दोन. जुन्या कवितेत शेवटच्या ई-डी मधल्या ई वर तिरकी खूण छापलेली असली, तर तो ई-डी वेगळा उच्चारायचा आणि एक सिलॅबल जास्त मोजायचं.

आता शेक्सपिअरच्या अठराव्या सुनीताची पहिली ओळ घ्या : 'शॅल आय कम्पेअर दी टू अ समर्स डे'.

आधी सिलॅबल पाडा : शॅल, आय, कम, पेअर, दी, टू, अ, सम, मर्स, डे. दहा झाले. मग एकाहून जास्त सिलॅबलच्या शब्दांचा जोर शब्दकोशातून घ्या : 'कम्पेअर' चा 'पेअर' वर, 'समर' चा 'सम' वर. त्यानंतर एका सिलॅबलची अर्थाची नामं आणि क्रियापदं शोधा. इथे 'डे' आहे. आर्टिकल आणि प्रिपोझिशन सध्या हलकी सोडा. आता पक्का जोर चौथ्या, आठव्या, दहाव्या जागी आलाय, म्हणजे सम जागा जोराच्या. उरलेल्या जागा याच चालीवर भरा. दुसऱ्या जागी 'आय' आणि सहाव्या जागी 'टू' येतात. 'टू' वर बोलताना फारसा जोर येत नाही, तरी शेजारच्या 'अ' पेक्षा तो जड आहे. तेवढं पुरतं.

शेवटी दोन-दोन सिलॅबलचे गट, म्हणजे 'फूट' (foot), पाडा. इथे पुष्कळांचा हात अडतो, कारण रेघ 'समर्स' च्या मधून जाते : 'अ सम' एक फूट, 'मर्स डे' दुसरा. शब्द तुटला तरी बिघडत नाही. हलका-जड असा आयॅम्ब पाच वेळा आला, म्हणून आयॅम्बिक पेंटामीटर.

सगळ्या ओळी इतक्या सरळ नसतात. 'नाऊ इज द विंटर ऑफ अवर डिसकंटेंट' ('अवर' इथे एकच सिलॅबल) या ओळीत पहिला फूट उलटा आहे, जोर 'नाऊ' वर. हॅम्लेटच्या 'टू बी, ऑर नॉट टू बी' या ओळीत अकरा सिलॅबल आहेत, कारण शेवटच्या 'क्वेश्चन' चं हलकं सिलॅबल जास्तीचं उरतं. याला फेमिनिन एंडिंग म्हणतात. अशा जागी मोजणी चुकली असं समजून ओळ खोडू नका. मुख्य चाल सांगा आणि बदल कुठे आहे ते लिहा. ब्लेकच्या 'टायगर टायगर, बर्निंग ब्राइट' मध्ये चालच उलटी आहे, जड-हलकं. हा ट्रोकी. शेवटचं हलकं सिलॅबल गाळलेलं आहे म्हणून सातच भरतात.

राइम स्कीम (यमक जुळणाऱ्या ओळींना ए, बी अशी अक्षरं देऊन दाखवलेला साचा) लिहिताना 'प्रूव्ह्ड' आणि 'लव्ह्ड' ला एकच अक्षर द्यायचं का? उच्चार तर जुळत नाही. – पालक, पुणे

एकच द्या. शेक्सपिअरच्या ११६ व्या सुनीताच्या शेवटच्या दोन ओळी अशा संपतात. त्याच्या काळी हे उच्चार आजच्यापेक्षा जवळ होते, आणि त्या सुनीताचा साचा (एबीएबी, सीडीसीडी, ईएफईएफ, जीजी) तिथे जोडीच मागतो. अशा जागी आजूबाजूचा साचा पाहून ठरवायचं. साचा नसेल तर कान प्रमाण : 'बाऊ' (bough) आणि 'दो' (though) यांचं स्पेलिंग सारखं, तरी जुळत नाहीत. 'ब्लू' आणि 'थ्रू' यांचं वेगळं, तरी जुळतात.

नवं कडवं सुरू झालं म्हणून पुन्हा 'ए' पासून सुरुवात करू नका. नवा ध्वनी आला तर पुढचं अक्षर, जुनाच परतला तर त्याचंच. आणि यमक मुळीच नसलेल्या कवितेला घाईने फ्री व्हर्स (यमक आणि मीटर दोन्ही नसलेली कविता) लिहू नका. आधी चार-पाच ओळींचे सिलॅबल मोजा. दहा-दहा भरत असतील आणि चाल आयॅम्बिक असेल, तर ते ब्लँक व्हर्स.