मेथोट्रेक्सेट चालू ठेवून बाकीचं खुशाल करून बघा

बहिणीला ऱ्हुमटॉइड संधिवात, जोडीला थायरॉइड, पोट कायम बिघडलेलं आणि थकवा. फंक्शनल मेडिसिनवाल्यांनी (खाणं-राहणं बदलून आजाराच्या मुळाशी जाऊ म्हणणारे) सहा महिन्यांचं भलंमोठं पॅकेज सांगितलंय, तिची संधिवाताची गोळी मेथोट्रेक्सेट 'हळूहळू सोडवू' म्हणतात, तर जावं का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, गेली १५ वर्षं याच आजाराची पेशंट आहे. जायला हरकत नाही, पण गोळी सोडायची अट असेल तर जाऊ नका.

ही चूक मी करून बसले आहे. चौथ्या वर्षी गोळीचा वीट आला होता. रविवारी रात्री गोळी घ्यायची आणि सोमवार अख्खा मळमळीत घालवायचा. एका ठिकाणी सांगितलं, आधी शरीरातलं विष काढू. गहू बंद, दूध बंद, साखर बंद आणि टेबलावर ११ डब्या. पहिले पाच-सहा आठवडे इतकं छान वाटलं की मी नात्यातल्या चार जणींना तो पत्ता दिला! मळमळ गेली होती ती गोळी बंद केल्यामुळे, आणि सांधे शांत होते ते आधीच्या गोळ्यांचा असर उरला होता म्हणून. हे तेव्हा कोण सांगणार? तिसऱ्या महिन्यात एका सकाळी ब्लाऊजचे हुक लागेनात. सासूबाईंनी लावून दिले, एक शब्द न बोलता. उजवं मनगट टम्म सुजलेलं. एक्स-रेमध्ये हाड कुरतडल्यासारखं दिसलं, आणि ते मनगट आजही पूर्ण वळत नाही. कुकरचं झाकण डाव्या हाताने काढते.

तरीही त्या लोकांना सरसकट भोंदू म्हणणार नाही. त्यांनी तासभर बसवून झोप, पाळी, खाणं, घरातली भांडणं, सगळं विचारलं होतं. ओपीडीत आपल्याला पाच मिनिटं मिळतात, त्यात सांधे दाबून बघायचे की थकव्याचं रडगाणं ऐकायचं? माझं बी१२ तळाला गेलंय हेही त्यांच्याकडेच कळलं. आपल्याकडे हे फार आहे. पुण्यात संशोधक डॉ. याज्ञिकांच्या गटाने मध्यमवयीन पुरुष तपासले होते (२००६ चा अभ्यास), त्यात ६७ टक्क्यांचं बी१२ कमी निघालं. बहिणीचा थकवा सगळा संधिवाताचाच असेल असं नाही. बी१२, हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आधी बघा. त्यासाठी पॅकेज लागत नाही.

टीएसएचवरून आठवलं. केसांच्या गोळ्यांत बायोटिन असतं, त्याने थायरॉइडचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. ती घेत असेल तर तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायची ते डॉक्टरांना विचारा.

पॅकेजमध्ये 'फूड इन्टॉलरन्स' (कुठलं खाणं सोसत नाही) नावाची रक्ताची आयजीजी तपासणी असेल तर ती वगळायला सांगा. तुम्ही काय खात आला आहात एवढंच ती सांगते. रोज भात खाणाऱ्याला भात लाल खुणेत दिसला की तो घाबरून भात सोडतो. अ‍ॅलर्जीच्या तज्ज्ञांच्या संघटना ही तपासणी करू नका असंच म्हणतात.

आयुर्वेदाबद्दलही विचारलंय. २०११ मध्ये ऱ्हुमटॉइडवर एक नीट आखलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ४३ पेशंट, ३६ आठवडे, तीन गट: नुसता आयुर्वेद, नुसतं मेथोट्रेक्सेट, दोन्ही एकत्र. कोण काय घेतंय ते पेशंटलाही माहीत नव्हतं, तपासणाऱ्यालाही. तिन्ही गटांना साधारण सारखाच फायदा दिसला. म्हणजे हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही. पण ४३ जणांच्या जिवावर मी माझं उरलेलं मनगट पणाला लावणार नाही. गुडघेदुखीवरचा २०१३ चा अभ्यास मोठा होता, ४४० जणांचा. त्यात आयुर्वेदिक औषधं सेलेकॉक्सिब या वेदनाशामक गोळीच्या तोडीची ठरली, मात्र काहींचं एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) वाढलं. हे लक्षात ठेवा, कारण मेथोट्रेक्सेटही लिव्हरवरच भार टाकतं. मुंबईत २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्यांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्या होत्या, आणि गुळवेल तर आपण 'घरचंच' म्हणून पितो. बिनालेबलची पुडी कुणाचीही असो, घेऊ नका. इंटरनेटवरून विकत घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधं एका अभ्यासात तपासली (२००८), तर साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं.

आता मी काय करते? एक वही आहे. रोज दोनच नोंदी: उठल्यावर बोटं मोकळी व्हायला किती मिनिटं लागली, आणि हुक स्वतः लागले की नाही. एका वेळी एकच बदल, तोही सहा आठवडे. दूध सोडून पाहिलं, मिनिटं तेवढीच. चहा परत सुरू झाला, देव पावला. रात्रीचं जेवण साडेसातला आणल्यावर पोट सुधारलं आणि झोपही. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं हलवते, तेव्हा ५० मिनिटांची २० झाली. वैद्यांचा एक काढा चालू आहे, पण त्यातल्या घटकांची यादी माझ्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टच्या (संधिवाताच्या डॉक्टरांच्या) फाइलमध्ये लावलेली आहे, आणि लिव्हरची तपासणी दर तीन महिन्यांनी. सोमवारची मळमळ डॉक्टरांनी फॉलिक अ‍ॅसिड आणि डोस नीट बसवून पुष्कळ कमी केली. मी चौथ्या वर्षी तक्रारच केली नव्हती, नुसती गोळी सोडली.

पहिल्या भेटीत त्या पॅकेजवाल्यांना एकच विचारा: तुम्ही आमच्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना चिठ्ठी लिहाल का? टाळाटाळ केली तर पैसे न भरता उठा. आणि बहीण मूल होण्याचा विचार करत असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे जा. मेथोट्रेक्सेटवर असताना दिवस राहणं बाळाला धोक्याचं आहे. गोळी बंद करायचं ते खरं कारण आहे, आणि तेव्हा बदली औषध तेच ठरवतील.

तिचं शेवटचं एसजीपीटी आणि सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) कधी झालंय ते इथे लिहा. आणि गोळी आठवड्यातून एकदाच घेते ना, हे आजच फोन करून विचारा. रोज घेतलेली माणसं दवाखान्यात पोचलेली आहेत.