अर्थतज्ज्ञाचं वजन एच-इंडेक्सवरून ठरवावं का?

पतधोरणावर लिहिणारा अर्थतज्ज्ञ प्रबंधासाठी निवडताना त्याचा एच-इंडेक्स, म्हणजे त्याच्या लेखांना इतरांनी किती वेळा उद्धृत केलं यावरून काढलेला आकडा, बघितला की पुरे का, असं तुम्ही पणजीहून विचारलंय. माझ्या मते अजिबात पुरे नाही.

हा निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी 2005 साली सुचवला. समजा, एकाचे पाच लेख आहेत आणि ते अनुक्रमे 90, 40, 12, 4 आणि 3 वेळा उद्धृत झालेत. चार लेखांना प्रत्येकी किमान चार सायटेशन (उद्धरणं), पण पाच लेखांना किमान पाच नाहीत, म्हणून एच-इंडेक्स 4. आता 90 च्या जागी 9,000 लिहून बघा. तरी 4 च! अर्थतज्ज्ञ जॉन टेलर यांचा 1993 चा लेख असाच. महागाई एक टक्क्याने वाढली तर व्याजदर दीड टक्क्याने वाढवा, हे त्यातलं सूत्र हजारोंनी उद्धृत केलं; एच-इंडेक्समध्ये मात्र तो एकच लेख.

आणि आपल्याकडचं बघा. पतधोरणावरच्या रिझर्व्ह बँकेच्या ऊर्जित पटेल समितीचा अहवाल जानेवारी 2014 चा. 4 टक्के महागाईचं लक्ष्य त्यातलं. 2016 मध्ये महागाईच्या लक्ष्यासाठी रिझर्व्ह बँकेचा कायदा बदलला. आज म्हापशातल्या कुणाच्या गृहकर्जाचा हप्ता हलतो, तो त्याच चौकटीत ठरणाऱ्या रेपो दरामुळे, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते त्यामुळे. हा प्रभाव सायटेशनमध्ये कुठे मोजणार?

ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून मी एकदा एका अर्थतज्ज्ञाच्या लेखांची यादी हाताने तपासली. एकच लेख वर्किंग पेपर (छापण्याआधीचा मसुदा) म्हणून वेगळा मोजलेला, छापील वेगळा. तेव्हा आधी अशा जोड्या एकत्र करा, मग सर्वाधिक उद्धृत झालेले तीन लेख प्रत्यक्ष वाचा.