वाचकांचे प्रश्न : दगडासारखी चोच

प्रश्न : फ्रान्सच्या किनाऱ्यावर १८०४ साली सापडलेली एक कवटी जॉर्ज कुव्हिए यांनी नामशेष प्राण्याची ठरवली, पण तो चोचीचा देवमासा आजही समुद्रात आहे, असे वाचले. एवढा मोठा शास्त्रज्ञ कसा फसला? आणि आमच्याकडच्या डोंगरांत अशी कवटी सापडेल का?
— एक वाचक, वाई

उत्तर : कुव्हिएंना मी दोष देणार नाही. त्यांच्यापुढे धड नव्हतं, नुसती कवटी होती. या जातीच्या प्रौढ नराच्या चोचीची मधली पोकळी घट्ट हाडानं भरून येते, आणि ते हाड दगड झाल्यासारखंच वाटतं. १८२३ मध्ये त्यांनी वर्णन छापलं. पुढे १८५० च्या सुमारास फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ पॉल झेर्व्हे यांनी ती कवटी किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाशी ताडून पाहिलं, तेव्हा उलगडा झाला. याच कुळातल्या ब्लाँव्हिलच्या देवमाशाची चोच तर ज्ञात हाडांत सर्वांत घन. दक्षिण आफ्रिकेजवळच्या समुद्रतळावरून जाळ्यांत जीवाश्म चोची येतात, त्या टिकल्या याच घनतेमुळे.

सांगलीत प्राणिशास्त्र शिकवताना कवटी पुढे ठेवली की मुलं आधी दात मोजायची. चोचीच्या देवमाशांत त्यानं फारसं साधत नाही. बहुतेक जातींत नराच्या खालच्या जबड्यात दातांची एकच जोडी वर येते, मादीत तीही नाही. नाकपुड्यांमागे उंचावलेला माथा बघा! जबड्याची पुढची हाडं तिथे वर चढून कंगोरे करतात, शेजारी नाकाची हाडं. बेरार्डियस या चोचीच्या देवमाशांच्या गटात ही नाकाची हाडं मोठी, फुगीर. कुव्हिएच्या देवमाशात, म्हणजे तुमच्या प्रश्नातल्या जातीत, ती पुढे झुकलेली. मेसोप्लोडॉन या आणखी एका गटात कंगोऱ्यांच्या मधे दबलेली. जीवाश्मांची प्रजातीही मुख्यतः याच माथ्यावरून ठरते. पेरूमधल्या निनोझिफियस या जीवाश्म चोचीच्या देवमाशाला मात्र दोन्ही जबड्यांत दातांच्या रांगा होत्या. आधी दात, मग ते गळत गेले, हा क्रम त्यातून दिसतो.

आता वाईचं. समुद्र लांब आहे म्हणून सापडणार नाही, असं मुळीच नाही. केनियातल्या तुर्काना भागात, आजच्या किनाऱ्यापासून ७४० किलोमीटर आत, १.७ कोटी वर्षांपूर्वीची चोचीच्या देवमाशाची कवटी मिळाली आहे. अडचण आपल्या खडकाची. सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि पहिले देवमासे आले साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी. म्हणून पाचगणीच्या कड्यात शोधू नका. पाहायचंच तर कच्छला जा. तिथे आद्य देवमाशांची हाडं मिळालेली आहेत. चोचीचे त्यांच्या पुष्कळ नंतरचे.