रोहिणी चढत नाही, ती तांबडी असते

दापोलीहून एका पालकांनी विचारलं आहे : "मुलीला शिकवणीत सांगितलं की रोहिणी म्हणजे शुद्ध रक्त वर चढवणारी आणि नीला म्हणजे निळं, अशुद्ध रक्त परत आणणारी वाहिनी. हे अर्थ बरोबर आहेत का?"

आधी तो 'अशुद्ध' शब्द काढून टाका. ऐकून ऐकून कान किटले आहेत. माणूस स्वस्थ बसलेला असताना नीलांमधून परत येणाऱ्या रक्तातलं हिमोग्लोबिनही सुमारे 75 टक्के प्राणवायूने भरलेलं असतं. रोहिणीत ते 97-98 टक्के असतं, एवढाच फरक. हातखंब्याला चार उतारू उतरले म्हणून एसटी रिकामी झाली असं कोणी म्हणत नाही. राहिला कार्बन डायऑक्साइड. त्याचा सुमारे 70 टक्के भाग तांबड्या पेशींत पाण्याशी मिळून बायकार्बोनेट होतो, म्हणजे खायच्या सोड्यात असतं तेच. त्या रूपात तो रक्तातून फुप्फुसापर्यंत जातो, तिथे पुन्हा वायू होतो आणि उच्छ्वासातून बाहेर पडतो. हेच बायकार्बोनेट रक्ताची आम्लताही ताब्यात ठेवतं. यात घाण कुठे आहे? आमच्या गावच्या तपासणी शिबिरात शेजारच्या आजींनी नळीतलं आपलं रक्त बघितलं, कोकमाच्या आगळासारखं काळपट, आणि घाबरून विचारलं, "माजां रगात नासलां काय गो?" सुई शिरेत, म्हणजे नीलेत घातली होती, म्हणून ते काळपट दिसत होतं. शुद्ध-अशुद्धाची ही शिकवण त्यांच्या मनात कधीतरी शाळेतच बसलेली.

आता रोहिणी. 'वर चढवणारी' हा अर्थ रुह् धातूवरून काढतात. आरोहण, अवरोहण, म्हणून रोहिणी. संस्कृत शिकवण्यात हयात गेलेले लोकही हेच सांगतात, आणि मला ते साफ अमान्य आहे. पायाच्या अंगठ्याकडे जाणारी रोहिणी कुठे चढते? खरा पुरावा सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातल्या शारीरस्थानात, म्हणजे शरीररचनेच्या भागात आहे. तिथे 700 सिरा, म्हणजे शरीरातल्या वाहिन्या, सांगितल्या आहेत, चार प्रकारच्या, प्रत्येकी 175. वाताच्या अरुणा, पित्ताच्या नीला, कफाच्या गौरी आणि रक्ताच्या रोहिणी. चारही नावं एका ओळीत वाचा. अरुण, नील, गौर, हे तिन्ही रंग. मग चौथीलाच जिना कशाला चढायला लावायचा? रोहित म्हणजे तांबडा, त्याचं स्त्रीलिंग रोहिणी. रंगवाचक शब्दातल्या त चा न होऊन पुढे ई लागतो, हा पाणिनीचा नियमच आहे. हरितचं हरिणी होतं, तसंच हे. चारांतली दोन नावं, रोहिणी आणि नीला, आपल्या पाठ्यपुस्तकांनी उचलली आणि नव्या शरीरशास्त्राला लावली. अरुणा आणि गौरी मागे राहिल्या. आकाशातली रोहिणीसुद्धा तिच्या तांबूस ताऱ्यामुळे रोहिणी. ते नक्षत्र लागलं की आपल्याकडे धूळवाफ्यावर भात पेरतात, म्हणून काहींना तिथेही 'रुजणं' दिसतं. तो योगायोग आहे.

पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती सांगण्यासाठीच मी लिहायला बसलो. र आणि ल यांची अदलाबदल संस्कृतात नेहमीची. रोहितचंच दुसरं रूप लोहित. लोहित म्हणजे तांबडा, आणि लोहित म्हणजे रक्तसुद्धा. त्याच कुळातला शब्द लोह. लोह म्हणजे मुळात तांबडा धातू, तांबं. पुढे ते नाव लोखंडाकडे गेलं. आणि रक्त तांबडं कशाने? लोहानेच. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे 4 अणू असतात, प्रत्येकावर प्राणवायूचा एक रेणू बसतो आणि रक्त लखलखीत लाल होतं. तो उतरला की रंग काळवंडतो. आपल्या जांभ्याच्या चिऱ्याचा तांबडेपणाही लोहाचाच. शब्द घडवणाऱ्यांना रक्तातलं लोह माहीत असण्याचं कारण नव्हतं, त्यांनी फक्त रंग पाहिला. तरी रोहिणी, लोहित आणि लोह ही भावंडं एकाच वाहिनीत भेटतात, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

नीला राहिली. नील हा संस्कृतात निळ्यापासून काळ्यापर्यंत पसरलेला रंग आहे, नीलमेघ आठवा. मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात ती त्वचेतून येणाऱ्या उजेडाची करामत. आतलं रक्त गडद तांबडंच. शिवाय आजच्या शास्त्रात ही नावं रंगावर नाहीत, दिशेवर आहेत. हृदयापासून दूर नेते ती रोहिणी, हृदयाकडे आणते ती नीला. म्हणून फुप्फुस-रोहिणीत काळपट रक्त असतं आणि फुप्फुस-नीलेत लालभडक.

खरोखरचं निळं रक्त बघायचं असेल तर बाजारातून जिवंत कुर्ली आणा, रायगडकरांनी चिंबोरी म्हणावं. तिच्या रक्तात प्राणवायू वाहायला लोह नसतं, तांबं असतं. ती मोडली की नांग्यांच्या सांध्यातून पाणचट रक्त पाटावर ओघळतं, आणि वाऱ्यावर राहिलं की निळसर झाक धरतं. कोळंबी, शेवंड, माकूल यांचंही तेच. ज्या तांब्यावरून आपण 'तांबडा' म्हणतो, ते तांबं तिथे निळा रंग देतं. शब्द करायचं काम कुर्लीकडे असतं, तर प्राणवायूने भरलेल्या वाहिनीला तिने नीला म्हटलं असतं.